आजची चूक

"आपला ग्रुप का थंडावला?" भिंतीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात झळकलं आणि नलू पागधरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विचारणारा कोण, तर विपुलभाई! सागरी कबड्डी पंच मंडळाचा कार्याध्यक्ष. ज्यानं स्वतःच्या हातानं त्या ग्रुपचा गळा दाबला, तोच आज बोईसरच्या या हॉलमध्ये पन्नासेक पंचांना गोळा करून, समोसे खायला घालून, गळा काढून विचारत होता की बाबांनो, हे असं कसं झालं? लाज वगैरे काही असते की नाही माणसाला? नलूच्या हातातला समोसा तसाच राहिला. तिनं तो कागदात गुंडाळून खुर्चीखाली ठेवला.

"मी अभ्यास केलाय," विपुलभाई म्हणाला. "चार कारणं आहेत. एक, सभासदांना वेळ नाही. दोन, नवीन मुलांना रील बघायचे असतात. तीन, डोंगरात नेटवर्क नाही. चार, उत्साहाचा अभाव."

"अभाव म्हणे," नलू दातओठ खात पुटपुटली.

शेजारी सपना भोये बसली होती. तिनं नलूचा हात दाबला. "ताई, नको. माझ्यासाठी नको."

सपनाचं ते "नको" वर्षभर चाललं होतं, आणि त्याचाही नलूला संताप होता. पोरगी मूळची जव्हारकडची. आईबाप नाचणीची दोन खाचरं करणारे, ही तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ्यात शिट्टी घालून मैदानावर उभी राहिली, की राज्यपातळीवरचे खेळाडूसुद्धा तिच्याकडे बघून पाय आवरायचे. ती शिट्टी गेलं वर्षभर तिच्या खोलीत खिळ्याला लटकत होती. आणि मंडळाचा नियम असा, की दोन हंगाम ज्याचं नाव यादीत नाही तो पंच कायमचा बाद. आज चहानंतर नवीन हंगामाची यादी वाचली जाणार होती. तीत सपनाचं नाव नसलं, की संपला खेळ. नलूनं तिला ओढून आणलं होतं ते एवढ्यासाठीच.

आता हा ग्रुप काय होता ते सांगायला हवं, नाहीतर नलूचा राग कुणाला कळायचा नाही.

पूर्वी फोनबिन नव्हते तेव्हापासून रामा वरठानं एक रीत पाडली होती. रामाकाका म्हणजे या भागातल्या सगळ्या पंचांचा गुरू. सामने संपले, मांडव उतरायला लागला, की पंचांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं स्वतःची एक चूक सांगायची. आजची चूक. सबब सांगायची नाही. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याची चूक ही त्याची त्यानंच सांगायची. आणि ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही, शिकवायचं नाही, "जाऊ दे" असंही म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं, "ऐकलं." बस. मग चहा.

नलू दातिवऱ्याची, मासेमारांच्या घरची, आठवडाभर पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकणारी. आपली चूक चारचौघांत कबूल करायची म्हणजे तिला आधी जिवावर आलं होतं. पण पहिल्यांदा तिनं सांगितलं, की समोर सहाऐवजी पाचच खेळाडू होते तरी मी बोनसचा गुण दिला, आणि वीस माणसं एका सुरात "ऐकलं" म्हणाली, तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन ती नवऱ्याशी सुद्धा नीट बोलली. पुढं फोन आले, तेव्हा रामाकाकानं तीच रीत व्हॉट्सॲपवर आणली. ग्रुपचं नाव "शिट्टी". रविवारी संध्याकाळी नुसती झुंबड उडायची. डहाणूची चूक वसईला कळायची आणि वसईचा पंच पुढच्या आठवड्यात ती करायचा नाही. पुस्तकात नसलेलं इतकं काही त्या ग्रुपवर होतं! रामाकाकाला फोनचं फारसं कळत नव्हतं, म्हणून ॲडमिन केलं विपुलभाईला. तिथंच घात झाला.

मागच्या वर्षी शिरगावला फायनल होती. एका बाजूला विपुलभाईचा लाडका दर्यावीर संघ, ज्याचा तो आश्रयदाता, आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या पोरांचा संघ. शेवटची चढाई. डोंगरातला पोरगा आत शिरला आणि कुणाला हात लागायच्या आधीच त्याचा पाय कडेच्या पट्टीत पडला. म्हणजे तो बाद. त्या बाजूला पंच सपना होती. तिची शिट्टी वाजली नाही. पोरानं गडी मारला, सामना डोंगराकडे गेला. रविवारी सपनानं ग्रुपवर लिहिलं, "आजची चूक. पाय पट्टीत पडलेला मला दिसला. मी शिट्टी मारली नाही."

त्याखाली अकरा जणांनी "ऐकलं" लिहिलं. बारावा विपुलभाई. त्यानं त्या मेसेजचा फोटो काढून दर्यावीरच्या पोरांना धाडला.

मग काय विचारता! सपनाच्या खोलीसमोर मोटारसायकली येऊन थांबल्या. घाणेरड्या शिव्या. "आपल्या माणसांना जिंकवलं हिनं," असं गावभर झालं. घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितली, कारखान्यातला सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, इधर भी फाउल मत करना." आणि मंडळानं चौकशी होईपर्यंत तिला यादीतून काढलं. चौकशी? कसली चौकशी आणि कसलं काय. कुणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

ग्रुपवर नलूनं तेव्हाच लिहिलं होतं, "ज्यानं फोटो धाडला त्यानं पुढं यावं." त्यावर प्रदीप गुरुजींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग कुणीतरी शुभ रात्री म्हणालं. पुढच्या रविवारी एकाही माणसाला आपली चूक आठवली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तेव्हापासून ग्रुपवर गुलाबाची फुलं, वाढदिवसाचे केक आणि विपुलभाईच्या सत्काराचे फोटो. सगळ्यांना ठाऊक होतं कुणी केलं ते. फक्त बोलायचं नव्हतं.

आणि आता म्हणे उत्साहाचा अभाव!

"म्हणून आपण नवीन ॲप आणतोय," विपुलभाई सांगत होता. "जो जास्त लिहील त्याला स्टार पंच. मी तुम्हाला दाखवतोच, आपल्या ग्रुपची काय अवस्था आहे." त्यानं प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपमधून काढून आपल्या फोनला लावली. भिंतीवर विपुलभाईचा फोन उघडला, त्यात "शिट्टी" ग्रुप उघडला, आणि पन्नास माणसं भिंतभर गुलाब बघत बसली. "बघा. बघा ना. हे पंचांचं व्यासपीठ आहे का?"

नलू उठली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला तसे सगळे वळले.

"जरा वर सरकवा, विपुलभाई."

"काय?"

"ग्रुप वर सरकवा. अजून वर. शिरगावच्या फायनलपर्यंत. आमाला बघू द्या शेवटची चूक कोणी लिवली आणि मग काय झालं ते. कारण तुमी शोधताय ना? तिथं हाय कारण."

विपुलभाई हसला. तोंडानं हसला, डोळ्यांनी नाही.

"नलूबेन, आपण इथं पंच म्हणून बसलोय. मासळी बाजार करू नका."

झालं! एवढंच बाकी होतं.

"मासळी बाजाराचं नाव घ्यायची तुमची लायकी नाय!" नलूचा आवाज बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेला असेल. "बाजारात मासा उघडा मांडतात. खराब असला तर गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, आमी तोंडावर ऐकतो. पाठीमागून फोटो काढून कोणाच्या दारात गुंड नाय धाडत. या पोरीनं आपली चूक आपल्या माणसांत मांडली. आपल्या! आणि तुमी ती बाहेर विकलीत. आता इचारता, लोकं का बोलत नाय?"

"पुरावा आहे तुमच्याकडे?"

"पुरावा कशाला पायजे? इथं बसलेल्या एकानं तरी म्हणावं, की तुमी नाय केलं."

कुणी म्हणालं नाही. पण कुणी उठलंही नाही. सगळे समोशाच्या कागदाकडे असे बघत होते, जणू त्यावर काहीतरी छापलंय.

प्रदीप गुरुजी मात्र घसा खाकरून उभे राहिले. मनोरकडच्या शाळेत शिकवणारे, नियमांची पुस्तिका पाठ असलेले, सगळ्यांशी गोड. "नलूताई, भावना समजतात," ते म्हणाले. "पण खरं सांगायचं तर सपनानं ते लिहायलाच नको होतं. लेखी कधी द्यायचं नसतं."

"ऐका!" नलू गरकन वळली. "ऐका सगळ्यांनी! विपुलभाई, ही तुमची चारही कारणं पुसा आणि गुरुजींचं वाक्य लिवा भिंतीवर. लिहायलाच नको होतं. याच्यानं मेला तुमचा ग्रुप. नेटवर्क म्हणे! अवो, दर्यात बोटीवरून लोकं फोन करतात, आणि तुमाला पालघरमधून दोन ओळी लिवता येत नाय? शंभरावर पंच त्या ग्रुपवर, आणि एकाची बोटं नाय चालली या पोरीसाठी. मला ह्या एकट्याचा राग नाय, तुमचा सगळ्यांचा हाय! आजच्या यादीत सपनाचं नाव हाय का नाय, तेवढं सांगा."

"ती स्वतः कबूल झालीय," विपुलभाई म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पंचानं दिसत असून शिट्टी मारली नाही. नियमानं ती यादीत बसत नाही. विषय संपला."

सपना मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत शिट्टी होती. नलूनंच सकाळी ती खिळ्यावरून काढून पिशवीत टाकायला लावली होती. आता त्या पिशवीचे बंद सपना बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडवत होती. नलूला ते बघवेना.

पहिल्या रांगेत रामाकाका होता. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, पायात नव्या चपला. वर्षभरात या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. नलू दोनदा त्याच्या पाड्यावर जाऊन आली होती. दोन्ही वेळा त्यानं तिला ताडगोळे खायला दिले आणि पावसाबद्दल बोलला.

"काका," नलू म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "रीत तुमची. ग्रुप तुमचा. शिरगावला मुख्य पंच तुमीच होतात. तुमी तरी बोला काय ते."

रामाकाकानं सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, मग फोन काढला. म्हातारा अशा वेळी फोन काय बघतो, म्हणून नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, भिंतीवर बघा."

भिंतीवर, गुलाबांच्या वर, ग्रुपच्या नावाखाली बारीक अक्षरं आली होती. रामा वरठा टाइप करत आहेत.

सगळे बघत राहिले. म्हातारा एका बोटानं लिहीत होता. मध्ये थांबायचा, काहीतरी खोडायचा, परत लिहायचा. विपुलभाईसुद्धा भिंतीकडेच बघत होता. बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली, तरी कुणी हललं नाही. मग सगळ्या हॉलभर फोन वाजले आणि भिंतीवर अक्षरं आली.

"आजची चूक. शिरगावची फायनल. पाय पट्टीत पडला तो मी पण पायला. सपनाची शिट्टी तोंडात होती. तिनं माझ्याकडं पायलं. मी मान हलवली, चालू दे म्हनून. डोंगरातली पोरं पयल्यांदा जिंकत होती, माझं मन फिरलं. चूक माझी."

नलू खाली बसली. तिनं सपनाकडे बघितलं. सपना भिंतीकडे बघत नव्हती. म्हणजे हिला ठाऊक होतं! वर्षभर शिव्या खाल्ल्या, खोली बदलली, शिट्टी खिळ्याला टांगली, आणि एकदाही बोलली नाही की मला मुख्य पंचानं खुणावलं होतं. का, तर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. रीत! आणि रीत घालून देणारा मात्र ताडगोळे सोलत बसला होता. नलूला वाटलं, उठून त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी भिरकावून द्यावी.

हॉलमध्ये कुणीही "ऐकलं" म्हणालं नाही. आणि तेवढ्यात भिंतीवर रामाकाकाचा तो मजकूर निळसर झाला. कुणीतरी त्यावर बोट दाबून धरल्यासारखा. वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. मग प्रश्न आला, सगळ्यांसाठी डिलीट करायचं का? आणि पुढच्या क्षणी मजकूर गेला. जागेवर राहिलं ते फक्त एवढंच, की हा मेसेज ॲडमिननं डिलीट केला.

विपुलभाई टेबलाआड फोन धरून उभा होता. मान वर केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पन्नास माणसं त्याच्याकडे नाही, भिंतीकडे बघतायत.

"वायर काढायची राहिली, विपुलभाई," नलू म्हणाली.

मागच्या रांगेत एक जण फस्सकन हसला. मग दुसरा. आणि मग ते हसणं हसणं राहिलं नाही. वर्षभर दाबलेली तोंडं उघडली. "गेल्या वर्षीपण असंच केलंत का?" "माझी वाड्याच्या सामन्यातली चूक तुम्हीच दाखवली ना त्या कोचला?" "मी म्हणून लिहायचं बंद केलं!" "मी पण!" खुर्च्या सरकल्या. एक दाढीवाला वसईकर तर थेट टेबलापर्यंत गेला. बघा, म्हणजे प्रत्येकाकडे कारण होतं, प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण घरी बसून गुलाब पाठवत होता! नलूला त्यांच्या ओरडण्याचाही राग आला. आता ओरडतायत, शूर लेकाचे.

प्रदीप गुरुजींनी वारा ओळखला. "नियमानुसार," ते मोठ्यानं म्हणाले, "मुख्य पंचाचा निर्णय अंतिम. मुख्य पंचानं खूण केली असेल तर सपनाकडे चूक जातच नाही. तिला वगळणंच मुळात बेकायदा होतं."

"वर्षभर कुठं होता हा नियम, गुरुजी?" नलूनं विचारलं. गुरुजी रुमालानं मान पुसायला लागले.

विपुलभाईनं हात वर केले. कपाळावर घाम होता, पण माणूस मुरलेला. दोन मिनिटांत आवाजात मध आला. "शांत व्हा, शांत व्हा. गैरसमज झाला. मंडळ मोठ्या मनाचं आहे. सपना भोये यांचं नाव आजपासून यादीत. टाळ्या!" काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. "आणि रामाकाकांनी आज किती सुंदर सुरुवात करून दिली. म्हणजे आपला ग्रुप परत सुरू, काय? मीच पहिलं लिहितो." त्यानं घाईघाईनं काहीतरी दाबलं आणि भिंतीवर एक भलंमोठं फूल आलं. सुस्वागतम्.

रामाकाका उठला होता. चष्मा काढून, नव्या चपला ओढत तो सपनासमोर येऊन उभा राहिला. डोळे भरले होते. त्यानं हात जोडले.

"पोरी, मी बोललो असतो तं लोकं म्हनली असती, दोगंव एकाच डोंगरातली. तुलापन आनी मलापन काढला असता. मना भेव वाटला." तो थांबला. वाट बघत होता. चूक सांगितली, आता समोरच्यानं एक शब्द म्हणायचा असतो. तो शब्द मिळाला की माणूस मोकळा. त्यानंच तर शिकवलं होतं सगळ्यांना.

सपनानं पिशवीतून शिट्टी काढून गळ्यात घातली. मग ती उठली. नलूनं तिला इतक्या शांत आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"चढाईला तीस सेकंद मिळतात, काका. तुमी वरीस घेतलंत."

रामाकाकाचे जोडलेले हात खाली आले.

"ऐकलं," तो म्हणाला.

सपना दाराकडे निघाली. चालता चालता तिनं फोन काढून अंगठ्यानं काहीतरी दाबलं. भिंतीवर, त्या फुलाच्या खाली, एक बारीकशी ओळ आली. सपना भोये यांनी ग्रुप सोडला.

"अरे अरे, आता का?" विपुलभाई ओरडला. "आता तर नाव आलं ना यादीत!"

नलूनं खुर्चीखालचा समोसा उचलला, पिशवीत टाकला. तिनं फोन काढला. भिंतीवर दुसरी ओळ आली. मग वसईकराची. मग मागच्या रांगेतल्या त्या हसणाऱ्याची. मग भराभर, एकाखाली एक, नावं वर सरकायला लागली. फूल वर गेलं, गुलाब वर गेले, केक वर गेले. विपुलभाई एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं वायर शोधत होता आणि वायर काही निघत नव्हती. वर्षभरात त्या ग्रुपवर एवढी हालचाल झाली नव्हती.